पाठीवरची हवा

तुमच्या मोहल्ल्यात आग लागली, लाल गाडी आली, जवान खाली उतरला आणि आत धावण्याऐवजी तोंडाला मास्क बसवत उभा राहिला, तर तुम्ही त्याला किती वेळ द्याल?

हा प्रश्न मी आमच्या गावात बऱ्याच जणांना विचारला आहे. टपरीवर एकजण म्हणाला, "मास्क लावाले टाइम हाय म्हणजे आग मोठी नसन." दुसरा म्हणाला, "मंग त्याले पगार कायचा भेटते?" तिसऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मलाच विचारलं, "तुमच्या घरी हाय ना वो एक तसा?"

आहे. माझा मोठा भाऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात तो जवान आहे. गावाचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की ती त्या एकाच गावाची गोष्ट होते आणि बाकीच्या गावांना वाटतं, आपलं ठीक आहे. त्यांचंही ठीक असेल असं मला वाटत नाही.

मला सहसा काहीच ठीक वाटत नाही. आमच्या घरी वर्तमानपत्र उशिरा आलं, पत्रकं आधी आली. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या यंत्रावर होते आणि सुटी झाली की कामगारांची पत्रकं वाटत. उरलेली पत्रकं घरी यायची. फडताळात भांड्यांखाली पत्रकं, वह्यांना कव्हर पत्रकांचं, पोहे खायला हातात पत्रक. मी अक्षरं त्यांवरच शिकले. 'जागे व्हा' हे मला 'घर' आणि 'कमळ' यांच्याआधी वाचता येत होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला कुणी फुकट रुमाल दिला तरी तो आधी उलटा करून पाहतो. दादा माझ्याच घरात वाढला, पण त्याच्यावर या कशाचा परिणाम झाला नाही. त्याला जे दिलं ते तो वापरतो. म्हणून तो जवान झाला आणि मी पत्रकं लिहायला लागले.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपट्ट्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. डोकं, कान, नाक गुंडाळून वर पाणी शिंपडलेला दुपट्टा ऊन अडवतो, ही आजोबा-पणजोबांपासूनची खात्री. ऊन अडवतो म्हणजे धूरही अडवत असेल, असं केंद्रातल्या सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. कापसाची आग पेटते कमी आणि धुमसते जास्त. गाठ बाहेरून विझलेली दिसते आणि आत दिवसभर जळत राहते. ती गोदामातून ओढून बाहेर काढून फोडल्याशिवाय आग संपत नाही. ओढायला माणूस आत जातो, आणि दादा जायचा तो नाकाला ओला दुपट्टा बांधून. केंद्रात पाठीवर टाकी घेऊन श्वास घ्यायचे दोन जुने संच होते. जवान त्यांना बीए सेट म्हणतात. त्यांच्या मास्कचं रबर पापडासारखं कडक झालं होतं. ते पेटीत असायचे, पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली कुणाकडे आहे यावर तिघांचं एकमत नसायचं.

हंगामात दादा घरी येऊन थुंकला की मोरीत काळं दिसायचं. मी पत्रक काढलं, 'जवानाच्या नाकाला फडकं'. आठवडी बाजारात उभी राहून वाटलं. काही महिन्यांनी केंद्रात चार नवे संच आले आणि सोबत टाक्या भरायचं एक मशीन, कॉम्प्रेसर, आलं. केंद्राचे प्रमुख साहेब मला म्हणाले, "याची मंजुरी आधीच आलेली होती, ताई. तुमच्या पत्रकाचा संबंध नाही." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, संबंध नाही तर मग सांगायची गरज काय?

नारळ फुटला, फोटो निघाले. विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने मास्क घालून दाखवला, शिट्टी वाजवून दाखवली. टाकीतली हवा संपत आली की ती शिट्टी आपोआप वाजते आणि माणसाने बाहेर यायचं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी राहून त्या माणसाचे बूट पाहत होते. जो माणूस आग विझवणाऱ्यांना सामान विकतो त्याच्या बुटांवर एक डाग नसावा, हे मला खटकलं. याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला आज कळतं.

हंगाम सुरू झाला आणि महिनाभरात वहिनीचा फोन आला. हळू आवाजात बोलत होती, म्हणजे दादा घरात होता.

"तुमचे दादा डोकं धरून बसते हो. चहाबी नोको म्हणते. काल उलटी झाली."

"धूर गेला असेल नाकात."

"तेच तं सांगून राह्यली. काल आगच नोती. नुसती मास्क घालून ड्रिल होती. कपड्याले धुराचा वास नाई, काई नाई. मंग याईच्या डोक्यात धूर गेला कोठून?"

हा प्रश्न त्या अख्ख्या वर्षातला सगळ्यात शहाणा प्रश्न होता. तो वहिनीने विचारला आणि मी त्याचं उत्तर ऐकायच्या आधीच देऊन टाकलं. आग नसताना डोकं दुखतं, मास्क घातल्यावरच दुखतं, म्हणजे मास्क नकली. मला दुसरं काही सुचलंच नाही, कारण दुसरं काही मला हवंच नव्हतं. डाग नसलेले बूट माझ्या डोळ्यासमोर होतेच.

दादाला विचारलं तर म्हणाला, "नव्या रबराचा वास हाय. जाईन काई दिवसात."

"रबराच्या वासाने उलटी होते?"

"तुले होत नसन. मले झाली."

"तुम्हाला फसवलंय. हे मास्क नकली आहेत."

तो म्हणाला, "पयले म्हणे फडकं वाईट. आता म्हणे मास्क वाईट. आमी श्वास घ्याव का नाई, ते एकदा छापून टाक."

मी छापून टाकलं. त्याचा श्वास नव्हे, माझा संशय. पत्रकाचं नाव होतं, 'नकली मास्क कोणाच्या फायद्याचे?' छापण्याआधी बाबांनी कच्चा मजकूर वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तू घालून पाह्यला का मास्क?"

"मला कोण घालू देणार?"

"विचारलं होतं का?"

विचारलं नव्हतं. बाबांनी कागद परत दिला आणि आडवे झाले. ते थकले आहेत, असा अर्थ मी लावला आणि छापखान्यात गेले.

पत्रक चांगलं चाललं. इतकं चांगलं माझं एकही पत्रक चाललं नव्हतं. लोकांनी फोटो काढून मोबाइलवर फिरवलं. दादाने माझ्याशी बोलणं कमी केलं.

मग एका दुपारी गावाबाहेरच्या जिनिंगच्या गोदामाला आग लागली. मी स्कूटीवर पोचले तेव्हा गाडी आधीच आली होती आणि रस्त्यावर जत्रा भरली होती. गोदामाच्या दारातून धूर दाट, पिवळट, सावकाश निघत होता. दादा गाडीच्या पायरीशी उभा राहून टाकीचे पट्टे आवळत होता. मास्क हातात होता. घालायच्या आधी तो नीट बसतो की नाही हे तपासावं लागतं, त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात. त्या मिनिटांत गर्दी बोलायला लागली.

"मेकअप करून राह्यला का बे? घुस ना!"

"आत मालकाची गाठ जळून राह्यली अन् हा मुकुट घालून राह्यला!"

मग एक आवाज, खरोखर काळजीचा, "ए भाऊ, ठेव तो खाली! नकली हाय तो! पेपरात आलतं!"

पेपरात आलं नव्हतं. माझ्या पत्रकात आलं होतं.

दादाने हातातल्या मास्ककडे पाहिलं. मग पट्टे सैल केले, टाकी काढून पायरीवर ठेवली, खांद्यावरचा दुपट्टा बादलीत बुडवला आणि तोंडाला बांधला. त्याने मला गर्दीत पाहिलं की नाही, मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही. त्याच्या मागचे दोघेही तसेच गेले, दुपट्टे बांधून. पहिल्यांदा एक गाठ घेऊन आले. दुसऱ्यांदा दुसरी. लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा दोघेच चालत आले आणि त्यांनी दादाला काखांना धरून ओढत आणलं होतं. त्याचे बूट मातीत दोन रेघा काढत आले.

सरकारी दवाखान्यात त्याच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टर म्हणाले, ओला कपडा राख अडवतो, वायू अडवत नाही. थोडा आणखी वेळ आत राहिला असता तर दवाखान्यात आणून उपयोग नव्हता. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. संध्याकाळी दादाने डोळे उघडले, मला पाहिलं आणि तोंडावरचा मास्क बोटाने किंचित उचलला.

"हा तरी असली हाय का वो?"

नर्स हसली. तिला वाटलं तो गमतीत बोलतोय.

तो बरा होत होता, पण महिनाभर रजेवर. रजा संपली की तो परत जाणार, आणि जाताना तोंडाला काय बांधणार, हा एकच प्रश्न घरात होता. जेवतानाही तोच ताटात असायचा. मास्क घातला तर डोकं फिरतं, नाही घातला तर जीव जातो. आणि त्याचा मास्कवरचा भरवसा मी घालवला होता, घालून न पाहता.

म्हणून मी केंद्रात गेले. खरं सांगायचं तर प्रायश्चित्त घ्यायला गेले नव्हते. मला सिद्ध करायचं होतं की मास्क नकलीच आहे. ते सिद्ध झालं असतं तर मी निदान खोटं लिहिलेलं नसतं.

साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. इतकं बदनाम करणाऱ्या बाईला कुणी चहा कशाला देतं? मी तो गार होऊ दिला. त्यांनी प्रमाणपत्रं दाखवली. मी म्हटलं, कागद कुणीही छापतं, मीही छापते. तेव्हा ते उठले, संच घेऊन आले आणि म्हणाले, "मग घाला."

मला कुणी घालू दिलं नसतं, असं मी बाबांना सांगितलं होतं. साहेबांनी स्वतः माझे केस मागे घ्यायला लावले, पट्टे आवळले. मास्कला नळी जोडायची असते त्या भोकावर तळहात दाबायला सांगितला आणि म्हणाले, "आता श्वास ओढा." ओढला. मास्क गालांना, कपाळाला चिकटून बसला. कुठूनही एक कण हवा आत आली नाही. मी तीनदा करून पाहिलं. मास्क अस्सल होता. मी आतून घामाने भिजले होते आणि त्या काचेआड माझा चेहरा कुणाला नीट दिसत नव्हता, याचं मला बरं वाटलं.

मग त्यांनी नळी जोडली, टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. पहिल्या श्वासालाच मी हात वर केला. मास्क काढून म्हटलं, "एसटी स्टँडवर गाडीच्या मागे उभं राहिल्यासारखा वास येतोय."

जवान हसले. एकजण म्हणाला, "ताई, नवं रबर हाय." तेच दादाचं वाक्य. साहेबांनी मास्क हुंगला आणि म्हणाले, "मला तर येत नाही." मला पक्कं वाटलं की ते लपवताहेत. पण बाजूला उभ्या असलेल्या चाचांनी टाकीचं तोंड नाकाशी नेलं आणि त्यांचं हसू थांबलं.

चाचा म्हणजे केंद्राचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. दाढी पांढरी, बोटांच्या रेषांत ग्रीस. ते आगीत शिरत नाहीत, गाडी आणि पंप सांभाळतात. त्यांचं नाक इंजिनावर पोसलेलं होतं.

"रबर नाई बेटा," ते म्हणाले. "डिझेल हाय. टाकीत डिझेलची हवा कोठून आली?"

चाचा मला म्हणाले, "कल सकाळी हजेरीले ये. टाक्या भरतात तवा देखू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटपाशी उभी राहिले. हजेरी झाली. चाचा पहिल्या गाडीत चढले, अगरबत्ती ओवाळली, इंजिन चालू केलं. मग दुसऱ्या गाडीत चढले, तीही चालू केली. दोन्ही गाड्या शेडमध्ये उलट्या लावलेल्या, तोंड रस्त्याकडे, म्हणजे निघताना वेळ जाऊ नये. पाठी भिंतीकडे. पंधरावीस मिनिटं इंजिनं घुरघुरत ठेवायची, हा चाचांचा रोजचा नेम. त्याला कारण होतं. खूप वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सकाळी आग लागली आणि गाडी चालूच झाली नाही. लोकांनी ढकलत नेली. पुढची कित्येक वर्षं गावात चाचा दिसले की पोरंटोरं 'धक्का, धक्का' म्हणून ओरडायची. तेव्हापासून पाणी पिण्याआधी इंजिन. गाडी पुन्हा कधीही अडली नाही.

आणि त्याच पंधरावीस मिनिटांत एका जवानाने कोपऱ्यातला कॉम्प्रेसर सुरू केला. शेजारी शाळा आहे. मशीन कान फाटेल इतकं ओरडतं, म्हणून शाळा भरायच्या आत सगळे आवाज एकदाच उरकायचे, असं ठरलेलं. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, गाळतो, दाबतो आणि टाकीत भरतो. त्याची हवा ओढणारी नळी मागच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली होती, कारण मशीन बसवणाऱ्याला विजेचा बोर्ड तिथेच सापडला. आणि त्या नळीच्या तोंडासमोर, दोन हातांवर, दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर होता.

मी गाड्यांच्या मागे जाऊन ते पाहत उभी राहिले. चाचा गाडीतून उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी जिथे पाहत होते तिथे त्यांनी पाहिलं. मग वर चढून इंजिन बंद केलं. पहिल्या गाडीचंही केलं. अचानक एवढी शांतता झाली की साहेब आतून बाहेर आले.

"मीच पाजून राह्यलो होतो का हे पोट्ट्याईले?" चाचा म्हणाले. "रोज सकाळी, माह्या हातानं?"

मला खलनायक हवा होता. स्वच्छ बुटांचा, टक्केवारी खाणारा, रात्री झोप न येणारा. माझ्यासमोर एक म्हातारा ड्रायव्हर उभा होता, ज्याने त्या एका हिवाळ्यानंतर कधीही गाडी बंद पडू दिली नव्हती. आणि एक शाळा, जिला त्रास होऊ नये म्हणून माणसांनी घाई केली होती. मी त्या दिवशी जितकी निराश झाले तितकी कधी झाले नाही, आणि त्या निराशेची मला लाज वाटली.

तरी संशय गेला नाही. नुसता वास म्हणजे पुरावा नाही, हे एव्हाना शिकले होते. वहिनीचा भाऊ वणीकडे कोळशाच्या खाणीत सुरक्षेच्या कामावर आहे. तो दादाला भेटायला आला तेव्हा कमरेला लावायचा छोटा गॅस मीटर घेऊन आला. परवानगी घेऊन आणला की तसाच, हे मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही विचारलं नसेल. मी त्याला केंद्रात नेलं. त्याने मीटर एका मोठ्या पारदर्शक पिशवीत ठेवला, टाकीची नळी पिशवीत सोडली आणि तोंड मुठीत आवळलं. पिशवी फुगली. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढला. मीटर किंचाळायला लागला.

साहेब म्हणाले, "पण वास तर थोडाच येतो."

"साहेब, वास हाय तो डिझेलचा. जो वायू माणूस मारते त्याले वासच नसते." त्याने नळी काढली, पण मीटर ओरडतच होता. "खाणीत हे वाजलं असतं ना, तं आमी माणसं बाहेर काढली असती. तुमी हे पाठीवर बांधून माणसं आत धाडून राह्यले."

साहेब खाली बसले. मग मला म्हणाले, "ताई, हे आत्ताच छापू नका. आठ दिवस द्या."

आठ दिवस कशाला? पुरावा पुसायला? हेच माझ्या मनात आलं, आणि मी रोज सकाळी गेटवर जाऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी भरलेल्या सगळ्या टाक्या अंगणात आडव्या ठेवून मोकळ्या केल्या. हवेचा सुस्कारा बराच वेळ चालला होता. चाचा प्रत्येक टाकी रिकामी होईपर्यंत तिच्याजवळ उकिडवे बसले. मग नळी वाढवून छतावर नेली, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला, तोंड खाली वळवलेलं, जाळी लावलेली. मशीनच्या आतली गाळणी बदलली. नियम झाला की गाड्या अंगणात काढल्याशिवाय इंजिन नाही आणि शाळा सुटल्याशिवाय कॉम्प्रेसर नाही. नवीन भरलेल्या हवेचा नमुना नागपूरला प्रयोगशाळेत गेला. साहेबांनी आठ दिवसांत सगळं खरंच केलं. मी त्यांना तसं सांगितलं. मग तिसरं पत्रक काढलं. मास्क अस्सल आहेत, मी चूक लिहिलं, दोष हवा ओढायच्या जागेत होता. ते कुणी मोबाइलवर फिरवलं नाही. बाजारात एका बाईने माझ्यासमोर त्यात मिरच्या बांधल्या.

दादाची रजा संपायच्या आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. नळी छतावर गेली, नियम झाले, आता घाल. तो ऐकत होता.

"कागद आला का नागपूरचा?"

"येईल. पण मी स्वतः पाहिलंय."

"तू तं पयलेबी सांगतलं होतं," तो म्हणाला. "कागद दाखव."

कशावर कधी संशय न घेणारा माझा भाऊ. त्याला मी काय शिकवलं ते मला त्या दिवशी दिसलं. अहवाल येईपर्यंत तो गाडीवर फक्त पाइप धरायच्या कामावर राहिला, आत गेला नाही. अहवाल आला तेव्हा तो त्याने दोनदा वाचला, तारीख पाहिली, शिक्का पाहिला, नमुना कोणत्या टाकीचा होता ते विचारलं. मग ड्रिलला मास्क घातला. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. यावेळी आवाज मोठा होता. "जेवले. वांग्याच्या भाजीत मीठ कमी हाय म्हणून माह्यावर ओरडले."

इथे मी थांबू शकले असते. पण गेल्या आठवड्यात मी पुन्हा केंद्रात गेले. भिंतीवर नवीन रजिस्टर टांगलं आहे. रोजची एक ओळ, 'हवा तपासली. ठीक.' पान उलटलं, तीच ओळ. आणखी एक पान, तीच. नवीन लागलेल्या जवानाला विचारलं, "कशाने तपासता?"

त्याने नाकाला बोट लावलं.

गॅस मीटरची मागणी केली आहे, असं साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत, असं मला वाटतं, आणि माझ्या वाटण्याला किती किंमत आहे ते तुम्ही वाचलंच आहे. वहिनीचा भाऊ त्याचा मीटर घेऊन खाणीवर परत गेला. नागपूरचा तो एक अहवाल फायलीत आहे. त्यानंतर गाळणी कितीतरी तास चालली, टाक्या कितीतरी वेळा भरल्या, आणि दुसरा नमुना कुठे गेलेला नाही. कापूस यायला लागला आहे. या हंगामात दादा जी हवा पाठीवर घेऊन गोदामात शिरेल ती कुणीतरी हुंगलेली असेल, एवढंच.

आमच्या केंद्रासाठी मी अर्ज दिला आहे. तुमच्या गावच्यासाठी तुम्ही द्या. माझ्या शब्दावर जाऊ नका, केंद्रातल्या कुणाच्याही तोंडी उत्तरावर जाऊ नका, आणि नकली-असलीच्या गप्पा तर मुळीच मारू नका. नगरपरिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात एवढंच लिहा: 'अग्निशमन केंद्रातील श्वसनसंचांच्या टाक्यांमधील हवेची प्रयोगशाळेत शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली? अहवालाची प्रत द्यावी.' पोच घ्या. प्रत आली की तारीख वाचा, आणि तो कागद स्वतः नेऊन तुमच्या गावच्या जवानाच्या हातात द्या.